'इयत्ता' : एका मोजमापाचा इतिहास

प्राथमिक शिक्षणाविषयीच्या अलीकडील अहवालांत एक वाक्य वारंवार वाचावयास मिळते : पाचव्या इयत्तेतील अमुक इतक्या मुलांस दुसऱ्या इयत्तेचा मजकूर वाचता येत नाही. या वाक्यात 'इयत्ता' हा शब्द दोनदा आला आहे, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. पहिल्या ठिकाणी तो मूल कोठे बसते हे सांगतो, दुसऱ्या ठिकाणी त्यास काय यावयास हवे हे सांगतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून इतके दूर कसे गेले, हा भाषेच्या अभ्यासकास पडणारा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर कोशात नसून शिक्षणखात्याच्या इतिहासात आहे.

शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत 'इयत्' म्हणजे 'एवढे'. त्यास 'ता' हा भाववाचक प्रत्यय लागून 'इयत्ता' म्हणजे 'एवढेपणा', परिमाण, मर्यादा. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात समुद्राचे स्वरूप 'असे' किंवा 'एवढे' म्हणून ठरविता येत नाही हे सांगताना कालिदासाने हाच शब्द योजिला आहे. एकत्र बसणाऱ्या मुलांच्या समूहाशी अथवा त्यांच्या खोलीशी या शब्दाचा मुळात काही संबंध नाही. त्या अर्थी मराठीत 'वर्ग' हा शब्द आहे, आणि 'इयत्ता चौथीचा वर्ग' असे आपण आजही म्हणतो ते द्विरुक्तीच्या सवयीने नव्हे. चौथे माप गाठण्यासाठी ज्यांची तयारी चालली आहे त्यांचा वर्ग, असा त्या शब्दसमूहाचा मूळचा अर्थ होय. मुंबई इलाख्यातील इतर भाषांची साक्षही हीच आहे. गुजरातीत इयत्तेस 'धोरण' म्हणतात, म्हणजे पुन्हा नियम किंवा प्रमाणच. धारवाडकडील कानडीत 'इयत्ते' हे रूप रूढ झाले. उत्तरेत 'दर्जा' आणि 'कक्षा', बंगालीत 'श्रेणी' असे शब्द असताना मुंबई इलाख्यातील भाषांनी मात्र मोजमापवाचक शब्द स्वीकारले, कारण त्यांच्यापुढे इंग्रजी 'स्टँडर्ड' हा शब्द होता. या शब्दाचा जन्म पाहण्यासाठी आपणांस १८६२ च्या इंग्लंडकडे वळले पाहिजे.

इंग्लंडात सरकारने लोकशिक्षणास पहिले अनुदान दिले ते १८३३ साली, २०,००० पौंडांचे. पुढील पंचवीस वर्षांत हा खर्च इतका वाढला की, त्याची चौकशी करण्यासाठी १८५८ साली न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमण्यात आला. त्याचा अहवाल १८६१ साली आला. आयोगाचे एक निरीक्षण महत्त्वाचे आहे : शिक्षकांचे लक्ष वरच्या वर्गातील थोड्या हुशार मुलांवर असते, खालची लहान मुले वाचन, लेखन आणि अंकगणित धडपणे न शिकताच शाळा सोडून जातात. तोवर निरीक्षक शाळा पाहात, वर्ग पाहात. प्रत्येक मूल पाहात नसत. तेव्हा पुढील सुधारणेच्या मुळाशी केवळ काटकसर होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. दुर्लक्षित मुलाकडे लक्ष जावे ही प्रेरणाही तीत होती.

शिक्षण समितीचा उपाध्यक्ष रॉबर्ट लो याने १८६२ ची सुधारित नियमावली सिद्ध केली. तीत सहा 'स्टँडर्ड' ठरविले गेले. पहिल्या मापाच्या मुलाने एकाक्षरी शब्दांचा साधा मजकूर वाचावा, सांगितलेली अक्षरे पाटीवर किंवा फळ्यावर काढावीत, वीसपर्यंतचे आकडे ओळखावेत व लिहावेत आणि दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी तोंडी करावी. सहाव्या मापाच्या मुलाने वर्तमानपत्रातील एखादा साधा परिच्छेद वाचावा व तसाच मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहून दाखवावा. येथपर्यंत ही योजना शहाणपणाची आहे. मुलास काय येते याचे इतके स्पष्ट वर्णन आजच्याही पुष्कळ अभ्यासक्रमांत सापडत नाही.

परंतु या मापांस पैसा जोडलेला होता. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. शिवाय, सहा वर्षांवरील जे मूल दोनशेहून अधिक वेळा हजर असेल त्याच्यामागे ८ शिलिंग; मात्र वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांपैकी ज्यात ते नापास होईल त्या दर विषयास २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. तिन्ही विषयांत नापास झाल्यास आठही शिलिंग गेले. आणखी एक अट होती, ती मला सर्वात परिणामकारक वाटते. एकदा ज्या मापाच्या परीक्षेस मूल बसविले, त्याच किंवा त्याखालच्या मापास त्यास पुन्हा बसविता येत नसे. त्यामुळे दर वर्षास एक पायरी चढणे भाग झाले, आणि माप हे वर्षाचे नाव बनले. 'एवढे येते' याऐवजी 'एवढ्या वर्षांचा झाला' असा अर्थ त्या शब्दात शिरला तो येथे.

मॅथ्यू आर्नल्ड हा कवी व समीक्षक म्हणून आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. तो १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळानिरीक्षक होता, हे तितकेसे लक्षात राहात नाही. नव्या पद्धतीवर त्याने आरंभापासून टीका केली. त्याच्या अहवालांतील आक्षेपाचा आशय असा की, चतुराईने तयारी करवून घेतल्यास मुलास खरोखर वाचता, लिहिता वा हिशेब करता येत नसतानाही ते या परीक्षेतून पार पडू शकते. वर्षभर एकच वाचनपुस्तक मुलांच्या हाती असे. निरीक्षकही त्यातूनच वाचावयास सांगत असे. मुले ते पाठ करीत. परीक्षेत मोजले जाई ते पाठांतर, आणि नोंदले जाई वाचन. येथे मापाचा दोष नव्हता. एकाक्षरी शब्दांचा मजकूर वाचता येणे हे उद्दिष्ट तसेच उभे होते. ते गाठले की नाही हे सांगण्यात ज्यांचा पगार अडकला होता, त्यांच्या हाती ते मोजण्याची तयारी होती, एवढेच. १८९० नंतर ही पद्धत शिथिल करण्यात आली आणि शतक संपण्यापूर्वी ती इंग्लंडातून गेली. 'स्टँडर्ड' हा शब्द मात्र तिच्यामागे उरला.

मुंबई इलाख्यात हीच पद्धत आली ती इंग्लंडात ती नवीन असतानाच. शिक्षणसंचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या कारकिर्दीत परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याचा मार्ग येथे स्वीकारला गेला. मद्रासकडे याच सुमारास शिक्षकाच्या वेतनावर अनुदान देण्याची रीत प्रचलित होती. ज्या शाळांच्या जागी ही मापे आली, त्या पंतोजींच्या शाळांत वर्ग नव्हते, तरी प्रगती मोजण्याचे साधन नव्हते असे समजू नये. मूल धुळपाटीवर आहे, बाराखडीवर आहे, पावकी-निमकीवर आहे, मोडीचे वळण गिरवीत आहे, असे सांगितले की त्याची अवस्था कळत असे. एकाच ओसरीवर शेजारी बसलेली दोन मुले दोन निराळ्या पायऱ्यांवर असत. त्या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे कोणास बसू दिले जात नव्हते हे आपणांस ठाऊक आहे. भाषेचा मुद्दा इतकाच की, तेथे पायरीचे नाव मुलास येणाऱ्या गोष्टीचे नाव होते, अंकाचे नव्हते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे आलेल्या साक्षींत महात्मा जोतीराव फुले यांचे निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यातील शिक्षक कोणत्या समाजातून यावेत, शेतसाऱ्यावरील उपकराचा पैसा कोणावर खर्च व्हावा, हे भाग सर्वांस माहीत आहेत. तपासणीविषयीचा परिच्छेद मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, शाळांची तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी, आणि मधूनमधून पूर्वसूचना न देताही शाळा पाहाव्यात, असे त्यांनी सुचविले आहे. ज्या भेटीची तारीख आधी कळते तिच्यासाठी शाळा सजविता येते, हे त्यांनी ओळखले होते. आर्नल्डचा आक्षेप पद्धतीच्या आतून आलेल्या अधिकाऱ्याचा होता. जोतीरावांनी स्वतः शाळा काढल्या होत्या, आणि ज्यांची मुले शाळेत टिकत नव्हती त्यांच्या बाजूने ते बोलत होते. आयोगाने मात्र प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी निकालाचेच तत्त्व सामान्यतः ग्राह्य धरले. ते सोडून देण्याचे धोरण निश्चित झाले ते लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक ठरावाच्या सुमारास.

अनुदान सुटले तरी वार्षिक परीक्षा आणि इयत्ता यांची गाठ सुटली नाही. ती प्रथम कायद्याने सोडविली २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने : आठवीपर्यंत कोणासही त्याच इयत्तेत मागे ठेवू नये असे त्यात ठरले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांची वाट राज्यांस पुन्हा मोकळी झाली. दरम्यान महाराष्ट्रात २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात वर्षारंभी 'पायाभूत चाचणी' आणि पुढे संकलित चाचण्या आल्या. मूल कोठे आहे हे शिक्षकास कळावे हा त्यांचा हेतू होता, व तो योग्यच होता. पण त्याच कार्यक्रमात शाळांस 'प्रगत' म्हणून जाहीर करण्याचीही व्यवस्था होती. शिक्षकास मुलाची उणीव सांगणारी चाचणी आणि शाळेस प्रतिष्ठा देणारी चाचणी एकच असली, की १८६२ चा पेच पुन्हा उभा राहतो, मग त्यात शिलिंग असोत वा नसोत.

'असर' या नावाने २००५ पासून होत असलेल्या ग्रामीण पाहणीची घडण येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ही चाचणी मुलाच्या घरी, एकेका मुलाशी बसून घेतली जाते, आणि तिच्यावर कोणाचे वेतन किंवा कोणाची वरच्या इयत्तेतील जागा अवलंबून नसते. पाचवीतील जी मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली, त्यांचे देशातील प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते, २०२२ साली, म्हणजे साथीमुळे शाळा बंद राहिल्यानंतर, ४२.८ टक्के, आणि २०२४ साली ४८.८ टक्के. या पाहणीमागील 'प्रथम' संस्थेने जी अध्यापनरीत पुढे आणली, तीत दिवसातील काही काळापुरती इयत्ता बाजूस ठेवतात. तिसरी, चौथी व पाचवीची मुले एकत्र करून त्यांचे नवे गट पाडतात, आणि त्या गटांची ओळख अंकांनी होत नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल जेथवर वाचू शकते, तीच त्याच्या गटाची ओळख असते.