चंद्राच्या नावाचं मूलद्रव्य आणि शेगावचा गहू

शेगाव म्हटलं की आपल्याला गजानन महाराज आठवतात, कचोरी आठवते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मात्र याच तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून वेगळीच बातमी आली. आधी डोक्याला खाज, मग केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, कोणी सुटलं नाही. आकडा अडीचशेच्या वर गेला. लोकांनी शांपूला दोष दिला, डॉक्टरांनी बुरशी तपासली. खारपाणपट्ट्यातलं पाणी तर आपल्याकडे कायमचाच आरोपी!

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगाला माहीत असलेले, त्यांनी ताटाकडे पाहिलं. रेशनच्या गव्हात त्यांना किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळलं. धुतलेल्या गव्हातही १३.६१. म्हणजे धुण्यानं जवळपास काहीच गेलं नाही. का, ते पुढे येईल. दिवसाला ३०० ग्रॅम गहू पोटात गेला तर चार मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम जातं. मोठ्या माणसाची सुरक्षित कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम मानतात. म्हणजे दहापट! पण गंमत बघा, हेच द्रव्य ५०-५५ मायक्रोग्रॅम इतकं शरीराला लागतंही. विष की पोषक, हे इथे मात्रेवर ठरतं.

आता जरा मागे जाऊ. १८१७ साली स्वीडनमध्ये गंधकाम्लाच्या कारखान्यात तळाशी तांबूस गाळ बसत होता. बर्झेलियसला आधी ते टेल्युरियम वाटलं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून पडलेलं, म्हणून या नव्या भावंडाला त्यानं चंद्राचं नाव दिलं, ग्रीक 'सेलेने' वरून. आवर्तसारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली बसतं, आणि सगळा घोटाळा याच शेजारामुळे होतो. गव्हाचं मूळ जमिनीतलं सल्फेट ज्या वाटेनं शोषतं, त्याच वाटेनं सेलेनेटही आत घेतं. पिकात गंधकाच्या अणूच्या जागी सेलेनियमचा अणू बसतो आणि दाण्याच्या प्रथिनाचाच भाग होतो. प्रथिनात शिरलेलं कसं धुऊन निघणार? केसांचं केराटिन तर गंधकाच्या जोडबंधांवरच उभं असतं. तिथे हा तोतया शिरला की केस ठिसूळ होतो, अशी मांडणी केली जाते.

हे नवं नाही. अमेरिकेत डाकोटाच्या मैदानांवर घोड्यांचे आयाळ-शेपटीचे केस आणि खूर गळल्याची नोंद १९व्या शतकातली आहे. कारण समजायला १९३० चं दशक उजाडलं. चीनमधल्या एन्शीत १९६० च्या दशकात माणसांचेच केस आणि नखं गेली. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडच्या काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचं कृषिशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शेगावचा गहू पंजाब-हरियाणाकडचा, असं बावस्करांचं म्हणणं. ते मी त्यांचं म्हणूनच सांगतो.

आपला शेतकरी पूर्वी घरची ज्वारी खायचा. जमीन वाईट असली तर त्याला निदान कुठली ते कळायचं. रेशनच्या पोत्यावर मातीचा पत्ता नसतो, आणि घेणाऱ्याला निवड नसते.

गहू बंद केल्यावर काहींना पाच-सहा आठवड्यांत केस परत येऊ लागले. पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच तालुक्यातून पुढची बातमी आली: आता लोकांची नखं गळत होती.