कझाकस्तानातील चिनी स्थलांतर आणि लोकमत

कझाकस्तान व चीन यांची सीमा सुमारे १,७८० किमी. लांबीची आहे. तिच्या एका अंगाला दोन कोटींची विरळ वस्ती, दुसऱ्या अंगाला एकशेचाळीस कोटींचा देश. या तफावतीतून आलेली धास्ती कझाक लोकमतात खोल मुरलेली आहे. देशात प्रत्यक्ष राहणाऱ्या चिन्यांच्या संख्येशी तिचा संबंध बेताचाच: परवाना घेऊन काम करणारे चिनी नागरिक काही हजारांच्या घरात असतात, तर अफवांमध्ये ते लाखांनी मोजले जातात.

१७५५–५८ मध्ये चीनच्या छिंग साम्राज्याने कझाकांचे जुने वैरी झुंगार यांचा निःपात केला. वैरी गेला; पण साम्राज्याची हद्द कझाकांच्या कुरणांना येऊन भिडली. कझाकांच्या अब्लाय खानाने रशिया व छिंग या दोघांशीही जुळवून घेतले. चिन्यांचे लोंढे आले, की रशियन बापासारखा वाटू लागेल, अशा अर्थाची कझाक म्हण आजही सर्रास ऐकू येते. तरीही रशियाविरुद्धचे १९१६ चे बंड मोडल्यावर आणि १९३० च्या दशकातील दुष्काळात हजारो कझाकांनी आसरा घेतला तो चीनच्या शिनजियांगमध्येच. १९६२ मध्ये ओघ उलटला व इली–तारबागाताय भागातून साठ हजारांहून अधिक लोक सोव्हिएत हद्दीत आले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये झालानाशकोल सरोवराजवळ दोन्ही सैन्यांत चकमक झाली. त्या काळातील चीनविरोधी सोव्हिएत प्रचाराचा आजच्या संशयात मोठा वाटा आहे. म्हण जुनी असल्याचे सांगताना हा वाटा सहसा विसरला जातो.

स्वातंत्र्यानंतर १९९४ ते १९९८ या काळात सीमाकरार झाले. वादग्रस्त ९४४ चौ. किमी.पैकी ५३७ कझाकस्तानकडे राहिले, ४०७ चीनला मिळाले. सरकारने हे यश मानले. लोकांच्या लक्षात राहिली ती दिलेली जमीन.

जमीन हाच पुढेही कळीचा मुद्दा ठरला. चीनला दहा लाख हेक्टर जमीन भाड्याने हवी आहे, असे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांनी २००९ च्या अखेरीस सांगितले आणि अलमाटीत निदर्शने झाली. पुढे भूमी संहितेतील दुरुस्तीने परकीयांसाठी शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याची मुदत १० वरून २५ वर्षे केली. परकीयांना जमीन विकण्याची तरतूद तीत नव्हती. तरी २४ एप्रिल २०१६ रोजी अतिराउ शहरात लोक रस्त्यावर उतरले व आंदोलन अनेक शहरांत पसरले. मॅक्स बोकायेव व तलगत अयान या कार्यकर्त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. सरकारने मात्र दुरुस्ती स्थगित केली आणि २०२१ मध्ये परकीयांना शेतजमीन विकण्यावर वा भाड्याने देण्यावर कायद्यानेच बंदी आली.

सप्टेंबर २०१९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांच्या चीन दौऱ्याच्या तोंडावर, झानाओझेन या तेलनगरीत पुन्हा ठिणगी पडली. पंचावन्न चिनी कारखाने येणार, जुनी प्रदूषणकारी यंत्रे आणि चिनी मजूर सोबत येणार, ही भीती तिच्यामागे होती. अतिराउ व झानाओझेन ही दोन्ही शहरे कास्पियन समुद्राकडील पश्चिम पट्ट्यात, चीनच्या सीमेपासून फार दूर आहेत. झानाओझेनमध्ये २०११ मध्ये तेलकामगारांच्या संपानंतर पोलिसांनी गोळीबार केला होता. अशा ठिकाणी चीनविरोधाच्या आडून पगार, बेकारी आणि बंद दाराआड करार करणारे अधिकारी यांच्यावरचा राग बाहेर पडतो. तो चीनकडे वळायला निमित्तही आहे: चिनी कंपन्यांचा तेल उद्योगातील शिरकाव १९९७ मध्ये अक्तोबे येथे सुरू झाला. २००५ मध्ये चीनच्या राष्ट्रीय तेल कंपनीने पेट्रोकझाकस्तान ही कंपनी सुमारे ४१८ कोटी डॉलरना विकत घेतली.

सीमेलगतचे चित्र वेगळे. खोरगोस येथे दोन्ही देशांच्या हद्दीत पसरलेल्या व्यापारी क्षेत्रात व्हिसाशिवाय पायी ये-जा करता येते. कझाक बाजूने आलेले लोक चिनी दुकानांतून कपडे, ब्लँकेटे, भांडी घेतात. करमुक्त मालाला वजनाची मर्यादा असल्याने मोठ्या व्यापाऱ्यांचा माल पोत्यापोत्याने वाहून नेणाऱ्या माणसांचा एक धंदाच तिथे उभा राहिला. अलमाटीच्या बाराखोल्का बाजारातही वर्षानुवर्षे चिनी मालाचीच चलती राहिली.

चीनमधून येऊन कायम वस्ती करणाऱ्यांत मोठा भाग कझाक वंशीयांचाच आहे. सरकार त्यांना ‘कंदास’ हा दर्जा देऊन नागरिकत्वाची वाट मोकळी करते. त्यांना रशियन येत नाही, कझाक ते अरबी लिपीत लिहितात. त्यामुळे स्थानिक कझाक कधीकधी त्यांनाच ‘चिनी’ म्हणून हिणवतात. त्यांच्याच नातलगांना शिनजियांगमधील छावण्यांत डांबल्याच्या बातम्या २०१७ नंतर आल्या, तेव्हा रोषाला नवे कारण मिळाले. छावणीत काम केलेल्या सायरागुल साऊतबाय यांच्यावरील २०१८ चा झारकेंट येथील खटला देशभर गाजला. सरकारने बीजिंगला दुखावले नाही. नातलगांच्या तक्रारी मांडणाऱ्या ‘अताजुर्त’ गटाचे सेरिकझान बिलाश यांना २०१९ मध्ये अटक झाली.

एप्रिल २०२० मध्ये कझाकस्तान चीनमध्ये परतायला उत्सुक असल्याचा लेख एका चिनी संकेतस्थळावर आला, तेव्हा मात्र परराष्ट्र मंत्रालयाने चिनी राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला. १० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांच्या नागरिकांना एका वेळी ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवासाची मुभा मिळाली. समाजमाध्यमांवर तिला बराच विरोध झाला. चिनी मोटारी आणि चिनी विद्यापीठे यांची तरुणांतील ओढ मात्र त्याच सुमारास वाढत होती.