वसईचे वादळ आणि जगाचा शेवट

भिवंडी रोडहून दिवा-वसई रेल्वेने निघाले, की खारबाव, कामण रोड करीत थोड्याच वेळात वसई येते. तिथल्या किल्ल्यात आज बिनछपराची चर्चे उभी आहेत. (ही पडझड नंतरची; १७३९ साली मराठ्यांनी किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज वस्ती उठली.) पण या चर्चांची छपरे एकदा त्याआधीही उडाली होती.

१५ मे १६१८ रोजी आभाळ दाटून आले आणि संध्याकाळपर्यंत वारा इतका चढला, की समुद्र गावात शिरला. आगाशीला वाऱ्याने एक होडी समुद्रातून उचलून घरावर आणून टाकली. त्यात एक बाई आणि तिचे मूल ठार झाले. साठ जहाजे बुडाली, दोन हजार माणसे मेली, असे जुनी वर्णने सांगतात. हे आकडे मोजणीचे नसून अंदाजाचे असावेत. जगाच्या अंती व्हावा तसा हा विध्वंस होता, असेही त्यात म्हटले आहे.

लिहिणाऱ्याला हीच उपमा का सुचली? जगाच्या अंती ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि प्रत्येकाच्या कृत्यांचा न्याय होईल, ही ख्रिस्ती श्रद्धा. लूकच्या शुभवर्तमानात त्या काळाच्या खुणांमध्ये सूर्य, चंद्र व तारे यांच्याबरोबर समुद्राची गर्जनाही येते. मात्र तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असे मत्तयच्या शुभवर्तमानात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे वादळावरून अंताची तारीख काढण्याची सोय त्या ग्रंथांनीच ठेवलेली नाही. तरीही लोक ती काढत आले. त्याच वर्षी युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि नोव्हेंबरात ठळक धूमकेतू दिसले, तेव्हा अनेकांनी ते दैवी कोपाचे चिन्ह मानले.

गंमत अशी, की तेच धूमकेतू गोव्यात किरवित्झर नावाचा जेझुइट धर्मगुरू रात्रीमागून रात्री पाहून टिपत होता. त्याची निरीक्षणे १६२० साली युरोपात छापली गेली. अंतिम न्यायावर त्याचीही श्रद्धा असणारच. पण धूमकेतू कुठे दिसतो याची नोंद करायला ती आड आली नाही.

वसईच्या वर्णनातही असेच एक निरीक्षण दडलेले आहे. वाऱ्याच्या जोरामुळे त्या वेळी ओहोटी लागलीच नाही, असे त्यात नमूद आहे. चक्रीवादळाच्या केंद्राशी हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला, की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. त्याहून कितीतरी अधिक पाणी वारा उथळ किनाऱ्याकडे रेटतो. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर आलेले पाणी मग वारा धरून ठेवतो. महिनाही जुळतो: अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होतात.

२६ जुलै २००५ च्या पुराच्या आठवणी भिवंडीच्या घराघरांत आहेत. त्या आठवणी मुलांना घरून लिहून आणायला सांगाव्यात, आणि मग ओहोटीचे ते वाक्य फळ्यावर लिहून विचारावे: आपल्या घरच्या हकिगतीत असे मोजता येण्याजोगे काय सापडते? पाणी कितव्या पायरीपर्यंत चढले? किती वाजता उतरू लागले?