अंग थंड पडले म्हणजे ताप उतरला असे नाही. सेप्टिक शॉक असा ओळखा

भंडारा : धानाच्या बांधीत पायाला झालेली जखम, न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, बाळंतपणानंतरचा ताप किंवा स्क्रब टायफस बळावला की रक्तदाब घसरतो आणि किडनी, मेंदूला रक्त कमी पडते. यालाच सेप्टिक शॉक म्हणतात. तापलेले अंग अचानक थंड पडते आणि घरच्यांना वाटते, ताप उतरला. इथेच घात होतो.

ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका
- बरळणे, ओळख न पटणे, सारखी झोप
- मिनिटाला २२ पेक्षा जास्त श्वास (मोठ्या माणसात)
- हातपाय थंड, घामेजलेले. नख दाबून सोडल्यावर ३ सेकंदांतही लाली न येणे
- दिवसभर लघवी न होणे

म्हातारी माणसे, तान्ही बाळे, बाळंतीण, शुगर व सिकलसेलचे रुग्ण यांना धोका जास्त.

काय करावे?
लगेच १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका मोफत आहे. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवे ठेवा. बेशुद्ध असल्यास कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका. गावात सुई टोचून घेण्यात वेळ घालवू नका. सलाईन, अँटिबायोटिक पहिल्या तासात मिळणे महत्त्वाचे असते.

डॉक्टरांना ताप कधीपासून आहे, कोणती औषधे दिली, जखम कुठे आहे ते सांगा. काखेत, जांघेत काळी खपली दिसली तर तीही दाखवा. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते.