सातपुड्यातील रानपिंगळा : नोंद, बनावट पुरावा आणि पुनर्शोध

प्रस्तावना :

तापी आणि नर्मदा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या सातपुड्याच्या दुर्गम डोंगररांगांचा इतिहास प्रामुख्याने भिल्ल समाज, ब्रिटिश प्रशासन व वनकायदे यांच्या संदर्भात लिहिला गेला आहे. तेथील वन्यजीवांचा इतिहास मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. रानपिंगळा या लहानशा घुबडाच्या नोंदींचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. ऐतिहासिक साधनांची चिकित्सा किती आवश्यक असते, हेही त्यावरून स्पष्ट होते.

वसाहतकालीन नोंदी :

एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात या पक्ष्याचा नमुना मिळविला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकातून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते. त्यानंतर खानदेशात प्रशासकीय सेवेत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा परिसरातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय नोंदी थांबल्या.

बनावट पुराव्याचा परिणाम :

कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहात या पक्ष्याचा एक नमुना होता. तो १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळविल्याची नोंद त्यावर होती. ही नोंद दीर्घकाळ ग्राह्य मानली गेल्याने रानपिंगळ्याचे अस्तित्व विसाव्या शतकातही गुजरातमध्ये होते, असा समज दृढ झाला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची क्ष-किरणांसह बारकाईने तपासणी केली. मूळ नमुना डेव्हिडसन यांचा असून तो ब्रिटिश संग्रहालयातून लांबविण्यात आला होता, त्यात नव्याने भरण करण्यात आले होते व खोटी माहिती लिहिलेली चिठ्ठी त्यास जोडण्यात आली होती, असे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले. एका खोट्या स्थलनिर्देशामुळे शोधाची दिशाच चुकू शकते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुनर्शोध :

१९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी संशयास्पद नोंद बाजूला सारून जुन्या विश्वसनीय स्थळांचा मागोवा घेतला. पूर्वेकडील स्थळी यश न आल्याने ते शहाद्याकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेथे त्यांना रानपिंगळा दिसला. म्हणजेच ११३ वर्षांनंतर त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. त्या वेळी हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी झाली. पुढील सर्वेक्षणांत तोरणमाळ व मेळघाट येथे, तर २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

ओळख व अधिवास :

रानपिंगळा दिवसाही सक्रिय असतो. सर्वत्र आढळणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी असते. सागाचे विरळ पानझडी वन त्यास मानवते. सरडे, लहान उंदीर व कीटक हे त्याचे भक्ष्य होय. घरट्यासाठी जुन्या वृक्षांच्या ढोलींची गरज असल्याने अशा वृक्षांची तोड त्याच्या मुळावर येते.

संवर्धनाचा पेच :

तळोदा परिसरातील सुमारे २,७०० हेक्टर राखीव वनजमीन १९९० मध्ये सरदार सरोवर प्रकल्पातील विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी मुक्त करण्यात आली. बुडितात घर-शेत गमावलेल्या आदिवासी कुटुंबांचा जमिनीवरील हक्क निर्विवाद होता. परंतु त्याची किंमत अरण्यालाही मोजावी लागली. त्यामुळे या अरण्याच्या ऱ्हासाचा दोष केवळ स्थानिकांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. नवी शेती व वृक्षतोड यांमागे दूरवर घेतलेले विकासविषयक निर्णयही आहेत.

समारोप :

२०१८ मध्ये या पक्ष्याचा जागतिक दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ ऐवजी ‘संकटग्रस्त’ असा करण्यात आला. नव्या स्थळांच्या नोंदींमुळे आशा वाढली असली, तरी धोका टळलेला नाही. विश्वसनीय साधनांच्या आधारे हा पक्षी पुन्हा सापडला. तो टिकवावयाचा असेल, तर सातपुड्यातील माणसांचा आणि अरण्याचा इतिहास एकत्रितपणे अभ्यासावा लागेल.