संशयाचे शिक्षण

गुन्ह्याचा तपास हे शिकवता येण्याजोगे शास्त्र आहे, ही कल्पना आपण समजतो तितकी जुनी नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे जन्मलेला हान्स ग्रोस (१८४७–१९१५) कायद्याचे शिक्षण घेऊन स्टायरिया प्रांतात तपासी न्यायाधीश झाला, तेव्हा गुन्हा उलगडण्याची मुख्य जबाबदारी अशा न्यायाधीशांवरच असे. विद्यापीठाने त्यांना कलमे शिकवलेली असत. चिखलात उमटलेले पाऊल कसे जपावे, हे शिकवलेले नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी ग्रोसने १८९३ साली एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. शेरलॉक होम्स त्याआधी सहा वर्षे, १८८७ साली, वाचकांसमोर आला होता. पण होम्सची प्रतिभा एकट्या होम्सचीच होती. ग्रोसला हवी होती ती सामान्य कुवतीच्या नवशिक्यालाही वापरता येईल अशी पद्धत.

या पद्धतीचा पहिला धडा संयमाचा आहे. घटनास्थळी कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी ती कोठे व कशी आहे याची बारकाईने लेखी नोंद करायची, मगच ती उचलायची. आपल्याकडील पंचनाम्याची येथे सहज आठवण होते. तपासाला जाताना सोबत न्यायची एक पेटीही ग्रोसने सुचवली होती. तीत कागद, मोजपट्टी, होकायंत्र, ठसे घेण्यासाठी प्लास्टर आणि मेणबत्त्या असत. शपथ देण्यासाठी लहानसा क्रूसही असे.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. साक्षीदाराच्या जबाबावर सहजी विसंबू नये, असे ग्रोस बजावतो. साक्षीदार खोटेच बोलतो, असे त्याला म्हणायचे नाही. प्रामाणिक माणूसही प्रत्यक्ष पाहिलेल्यात आपल्या अपेक्षा नकळत मिसळत असतो. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या गुन्हेविषयक मानसशास्त्राच्या ग्रंथात त्याने या प्रश्नाचा सविस्तर विचार केला. मात्र सर्वांत मोठा धोका त्याला खुद्द तपास करणाराच वाटत होता. पहिल्या तासात मनात एक तर्क रुजतो आणि पुढचा सारा पुरावा त्या तर्काच्या सोयीने दिसू लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही व्याधी अपरिचित नसावी. निष्कर्ष आधी ठरवून संहितेकडे जाणाऱ्या समीक्षकाला संहितेत तोच सापडत असतो.

असे असूनही या पुस्तकात एका ठिकाणी संशयाची ही शिस्त सुटते. जिप्सींवर, म्हणजे रोमा लोकांवर, त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे कोणा एका आरोपीविरुद्धचा पुरावा तपासलेला नाही. एका संपूर्ण समाजाचा स्वभाव जन्मतःच गुन्हेगारीचा असल्याचे गृहीत धरले आहे. ज्या पूर्वग्रहाला ग्रोसने तपासाचा शत्रू मानले, तोच येथे ज्ञान म्हणून अभ्यासक्रमात दाखल झाला.

या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९०६ साली मद्रासमध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतरकार जॉन अ‍ॅडम आणि जे. कॉलियर अ‍ॅडम यांनी ते हिंदुस्थानातील दंडाधिकारी, पोलीस अधिकारी आणि वकील यांच्यासाठी सिद्ध केले होते. मात्र जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची रीत येथे या पुस्तकाने आणलेली नव्हती. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ पासूनच अस्तित्वात होता, आणि १९११ साली तो मद्रास इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. तो १९५२ साली रद्द झाला. त्यानंतरही शिल्लक राहिलेला संशय कसा असतो, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) मराठी वाचकाला दाखवले. पोलिसांची धाड त्या आत्मकथनात घरात बसलेल्या माणसाच्या नजरेतून येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रोस प्राग येथे अध्यापन करीत होता. त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांत फ्रान्झ काफ्काही होता. त्या व्याख्यानांचा काफ्काच्या लेखनावर किती परिणाम झाला, याचा तर्क ग्रोसच्याच शिस्तीला स्मरून न केलेला बरा. एवढे मात्र खरे की १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्रायल’मध्ये आरोपीला आपला गुन्हा कोणता हे अखेरपर्यंत कळत नाही. ‘उचल्या’तल्या माणसांना तो जन्मापूर्वीच ठरवून दिलेला होता.

१९१२ साली ग्राझ विद्यापीठात ग्रोसने गुन्हेशास्त्राची संस्था स्थापन केली. तपासाचे रीतसर शिक्षण तेथून पुढे रुजले, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण हात लावण्यापूर्वी नीट पाहा, हा त्याचा पहिला नियम त्याने स्वतः जिप्सींवरील प्रकरणाला लावला असता, तर ते प्रकरण लिहिलेच गेले नसते.