गांध उठली म्हणजे ॲलर्जी झाली का?

मूल सारखं शिंकतं, अंगावर चट्टे येतात, म्हणून आईबाप चाचणी करून घेतात. कागदावर दहा-वीस पदार्थांसमोर 'पॉझिटिव्ह' लिहून येतं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात दूध बंद, गहू बंद, शेंगदाणे बंद. या कागदामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

सुरुवात व्हिएन्नात, लहान मुलांपासूनच होते. बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक आजारी मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम टोचत. घटसर्पावर तेव्हा तोच उपाय होता. आठ-दहा दिवसांनी काही मुलांना ताप यायचा, अंगावर गांधी उठायच्या. त्याच मुलाला पुढे पुन्हा टोचलं, तर हा प्रकार फार लवकर व्हायचा. शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती! १९०६ साली पिर्के यांनी याला 'ॲलर्जी' हा शब्द दिला. ग्रीक 'आलोस' म्हणजे वेगळा, 'एर्गोन' म्हणजे कार्य. पण हे वेगळेपण त्रासाचंच असतं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. संरक्षण देणारा बदलही त्यांच्या शब्दात बसत होता. जगाने अर्धा अर्थ उचलला, अर्धा टाकला.

मग १९२१, ब्रेस्लाऊ. म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. कार्ल प्राउसनित्झ यांना गवताच्या परागकणांचा त्रास, पण मासा बिनधास्त खात. प्राउसनित्झ यांनी क्युस्टनर यांचं सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि त्या जागी गांध उठली. म्हणजे त्रासाचं कारण रक्तात होतं आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होतं. गंमत अशी, की मासा खाणाऱ्याच्या पोटावर माशाची गांध होती. हे कारण म्हणजे आयजीई नावाचं प्रतिद्रव्य, हे कळायला १९६०चं दशक उजाडलं. आजची रक्तचाचणी तेच मोजते.

मोजता आलं, पण अर्थ लावताना घोटाळा झाला. रक्तात आयजीई सापडणं याला 'संवेदनशील होणं' म्हणतात. पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं ही ॲलर्जी. दोन्ही एक नव्हेत. मँचेस्टरमधल्या आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ११.८ टक्के मुलं चाचणीत शेंगदाण्याला संवेदनशील निघाली. त्यांतल्या साधारण २२ टक्क्यांनाच खरी ॲलर्जी होती. बाकीच्यांचं काय? एक उत्तर परागकणांत आहे. बर्च झाडाच्या परागातल्या एका प्रथिनाशी मिळतंजुळतं प्रथिन शेंगदाण्यात असतं. शरीर परागाला ओळखतं आणि चाचणीत शेंगदाण्यावरही बोट ठेवतं.

दरम्यान वैद्यकाने भीतीपोटी 'टाळा' सांगायला सुरुवात केली होती. १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००० साली अमेरिकेत सल्ला आला: ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको. २००८ साली गिडियन लॅक यांच्या गटाने लंडन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७. इस्रायलमध्ये बाळं वर्षाच्या आतच 'बांबा' नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपला सल्ला मागे घेतला. तोवर एक पिढी टाळण्यात वाढली होती.

मग लॅक यांनी ६४० बाळं घेतली. सगळी चार ते अकरा महिन्यांच्या आतली, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य. निकाल २०१५ साली आला. सुरुवातीला त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्यांत, पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांमध्ये ॲलर्जी १३.७ टक्के, खाणाऱ्यांमध्ये १.९. आणि ज्यांच्या कातडीवर आधीच लहानशी गांध उठली होती, त्यांच्यात ३५.३ विरुद्ध १०.६. पिर्के यांच्या शब्दाचा टाकलेला अर्धा अर्थ असा परत आला.

आपल्याकडे दाण्याचं कूट रोजचंच, म्हणून एक सांगून ठेवतो. बाळाला अख्खा दाणा कधीही द्यायचा नाही, घशात अडकतो. मऊ, पातळ करूनच द्यायचा. आणि तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर पहिला घास डॉक्टरांना विचारून.